सैलही आणि काचतोही : लग्नाच्या ब्लाउजचं फिटिंग

एका नवरीचा प्रश्न थोडक्यात असा : “लग्नाला २३ दिवस राहिलेत. पैठणीवरचा ब्लाउज अडीच महिन्यांपूर्वी शिवून घेतला, तेव्हा छान बसला होता. मधे पाच किलो वजन उतरलं. आता तोच ब्लाउज छातीवर सैल होतो, खांद्यावरून घसरतो, आणि तरीही हात वर केला की काखेत काचतो. टेलरताई म्हणतात, ‘दोन्ही बाजूंना एकेक टीप मारून देते, दहा मिनिटांचं काम.’ देऊ का? दुसरं म्हणजे आईचा १९९६ सालचा, तिच्या लग्नातला रेशमी ब्लाउज मला विधींच्या वेळी घालायचाय. तो छातीत दीड इंच कमी पडतो. सैल होईल का? शिवाय रिसेप्शनचा रेडिमेड लेहंगा तीन इंच लांब आहे.”

मी पुण्यात गेली २६ वर्षं ब्लाउज शिवतेय. तू माझ्या मुलीच्या वयाची, तेव्हा अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

आधी पहिल्याचं उत्तर : बाजूला टीप मारायला देऊ नकोस. निदान आज तरी नको.

सैलही आहे आणि काचतोही आहे, हे ऐकायला उलटसुलट वाटतं, पण ब्लाउजच्या बाबतीत हे रोजचं दुखणं आहे. दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं आणि ते बाजूला नसतं, खांद्यावर असतं. वजन उतरलं की हाडं तेवढीच राहतात, मांस जातं. ते नुसतं कमरेचं जात नाही, पाठीवरचं आणि गळ्याखालचंही जातं. मागचा गळा त्या भरलेल्या पाठीवर बेतलेला होता. आता तो मोठा पडतो, खांद्याची पट्टी बाहेरच्या बाजूला सरकते आणि तिच्याबरोबर मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो घेर, खाली येतो. जो मुंढा काखेला लागून बसायचा तो दंडावर येऊन बसतो. हात वर केला की काचणारच. ब्लाउज कुठेही लहान झालेला नाही, नुसता जागेवरून हलला आहे.

हे खरं की खोटं, घरीच बघता येतं. लग्नात जी ब्रा घालणार आहेस तीच घाल, दुसरी नाही. ब्लाउज घाल, हुक सगळे लाव. आईला मागे उभं कर आणि मागच्या गळ्याच्या कडेला, बरोबर मध्यावर, चिमटीत पाव इंच कापड धरायला सांग. पाव इंचाची चिमूट म्हणजे गळा अर्धा इंच कमी. आता खांदा बघ. बाहीची शिवण परत खांद्याच्या हाडाच्या टोकावर आली का? आली, तर तसाच हात वर कर. काचणं थांबलं असेल, तर माझं म्हणणं बरोबर आणि तुझं अर्धं काम झालं. चिमूट धरूनही बाहीची शिवण दंडावरच लोंबत असेल, तर मात्र खांद्याची पट्टीच लांब आहे. मग बाही वरून उसवून, खांद्याच्या टोकाला जेवढं जास्त असेल तेवढं कापून, खाली मुंढ्याच्या मध्यापर्यंत शून्यावर आणत बाही परत जोडावी लागते. तास-दीड तासाचं काम आहे, पण होतं.

आता ती ‘दहा मिनिटांची टीप’ काय करते ते सांगते, म्हणजे माझा नकार कळेल. आपल्याकडे ब्लाउजची बाही आधी सपाट जोडतात. मग बाहीच्या तोंडापासून सुरुवात करून, काखेतून वळून, खाली कमरेपर्यंत एका दमात बाजूची टीप मारतात. घट्ट करून मागितलं की आधीच्या टिपेला लागून पाव इंच आत तशीच दुसरी टीप पडते. पाव इंच ऐकायला काहीच नाही, पण मोज : पुढच्या भागातून पाव, मागच्यातून पाव, म्हणजे एका बाजूला अर्धा आणि दोन्ही बाजू मिळून एक इंच गेला. छाती बसली खरी. पण ती टीप काखेतूनच गेली, त्यामुळे मुंढाही लहान झाला आणि बाहीही. जो आधीच खाली घसरून काचत होता तो आता आणखी आवळला. खांदा मात्र होता तिथेच घसरतोय. आरशासमोर हात खाली सोडून उभं राहिलं की सुंदर दिसतं, हीच तर फसगत आहे.

यानंतर टेलर दुसरी चूक करतात ती म्हणजे काखेत काचतंय म्हणून मुंढा खोल कापायचा. ही चूक मी स्वतः केलेली आहे. २००९ चा मे महिना. दुकान काढून थोडीच वर्षं झाली होती. एका नवरीने ट्रायलला सांगितलं, काखेत काचतंय. मी कात्री घेतली आणि दोन्ही मुंढे अर्धा अर्धा इंच खाली उतरवले. काचणं थांबलं, ती खूश, मी खूश. लग्नाला मला बोलावलं होतं. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाला आणि हार घालायच्या वेळी मुलाच्या मित्रांनी त्याला खांद्यावर उचलून धरलं. तिने दोन्ही हात डोक्याच्या वर नेले आणि हातांबरोबर अख्खा ब्लाउज वर निघाला. तिने एका हाताने पटकन पदर ओढला, हार नवरदेवाच्या फेट्यावर अडकला, सगळे हसले. मी नाही हसले. आठवड्याने तिची आई आली, काही बोलली नाही, ब्लाउजची पिशवी काउंटरवर ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिली.

त्याचं कारण मला नंतर हात चालवता चालवता कळलं. मुंढा जितका काखेला लागून, तितका हात मोकळा. बाही अंगाच्या जवळून सुरू होते, त्यामुळे हात उचलला की फक्त बाही उचलली जाते. मुंढा खाली उतरला की काखेखालचं कापड आणि बाही एकच पट्टी होऊन बसतात, आणि हात वर गेला की ती पट्टी बाजूला धरून सगळा ब्लाउज वर ओढते. म्हणून काचलं की कात्री आधी खाली ठेवायची. आधी खांदा बघायचा. खांदा जागेवर असूनही काचत असेल, तर बाही दंडाला अरुंद आहे का ते बघायचं आणि बाहीत माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेलं कापड, असेल तर तिथून सोडायची. तीही नसेल तर काखेत छोटी कळी लावायची. दोन-सव्वादोन इंचाचा चौकोनी तुकडा, कोन खाली-वर करून. जुन्या चोळ्यांना अशी कळी असायचीच. हात खाली असताना ती दिसत नाही, आणि वर केल्यावर तिकडे कोणी बघत नाही.

मागचा गळा कमी कसा करायचा हे डिझाइनवर आहे. मागे मधोमध शिवण किंवा हुक असतील तर प्रश्नच नाही, तिथूनच पाव पाव इंच घ्यायचं. तुझे हुक पुढे असावेत असं धरून चालते, कारण पैठणीवर बहुतेक जणी पुढेच घेतात. मग मागचा भाग अखंड असणार, आणि हल्ली त्यावर मोर नाहीतर कमळ भरलेलं असतं. मधे टक, म्हणजे कापड आत घेणारी शिवलेली चुणी, घातला तर मोराची मान मोडते. अशा वेळी मी गळ्याचं पायपिंग, म्हणजे कडेची बारीक गोट, उसवते, गळ्याच्या कडेला हाताने बारीक धावदोरा घालते, तो हळूहळू ओढून कड अर्धा इंच आत घेते आणि पायपिंग तेवढंच आखूड करून परत बसवते. अर्धा इंच सबंध गळ्यावर पसरतो, चुणी दिसत नाही. एक इंच घ्यायचा असेल तर मात्र हे जमत नाही, चुण्या पडतात.

गळ्याला नाडी आणि लटकन आहे का ते तू लिहिलेलं नाहीस. असेल तर ती कुठून निघते ते बघ. अगदी खांद्याजवळून निघत असेल तर ती शोभेची. खांद्यापासून दीड-दोन इंच खाली असेल तर ती खरंच खांदा धरून ठेवते. पण नाडीवर सगळा भार टाकू नकोस. दिवसभरात ती ढिली होते आणि मेंदी-चुड्याच्या हातांनी मागे गाठ मारणं तुला जमणार नाही.

आणि एक गोष्ट ट्रायलला जवळजवळ कोणी करत नाही. पैठणी नेसून ट्रायल घ्यायची. नुसत्या परकरावर ब्लाउज घालून आरशात बघतात आणि ‘परफेक्ट’ म्हणून घेऊन जातात. पैठणीचा पदर जरीने भरलेला असतो, जड असतो. तो डाव्या खांद्यावर पिन केला की मागे ओढतो आणि तिथला खांदा बाहेर ढकलतो. उजव्या खांद्याला काहीच भार नाही. म्हणून लग्नाच्या फोटोत डावाच खांदा घसरलेला दिसतो, बघ कुठलाही अल्बम काढून. यावर उपाय साधा आहे : खांद्याच्या शिवणीला आतून दोन इंचाची बारीक पट्टी, एक टोक शिवलेलं, दुसऱ्याला टिचबटण. तिच्यात ब्राचा पट्टा अडकवायचा. दोन्ही खांद्यांना लाव. कुठलीही टेलर पंधरा मिनिटांत लावून देईल, आणि नाही लावली तर आईला सांग, हातशिलाईचंच काम आहे. पदराची पिनही नुसत्या रेशमातून टोचू नकोस. आतल्या बाजूने कापडाचा छोटा तुकडा धरून त्यातून घाल, नाहीतर संध्याकाळपर्यंत भोक बोटभर होतं.

खांदा आणि गळा जागेवर आला की मग छाती. आता खरोखर किती सैल आहे ते कळेल. माझा अंदाज, आधी वाटत होतं त्याच्या निम्मं. चार टक्सचा ब्लाउज असेल तर टक्स थोडे खोल करायचे, पण टकचं टोक छातीच्या टोकाच्या अर्धा-पाऊण इंच अलीकडेच थांबलं पाहिजे, नाहीतर तिथे कापडाचं टोक उभं राहतं. प्रिन्सेस कट, म्हणजे छातीवरून कमरेपर्यंत उभी शिवण, असेल तर नशीबवान आहेस, त्याच शिवणीतून हवं तेवढं घेता येतं. कटोरी, म्हणजे छातीचा भाग वाटीसारखा वेगळा कापून जोडलेला, असेल तर ज्या बाईंनी कापलाय त्यांच्याकडेच दे. कटोरीचा गोल बदलायचा म्हणजे बराचसा ब्लाउज उसवायचा आणि दुसऱ्याने कापलेल्या कटोरीत हात घालणं मलाही नको वाटतं. पॅडचा ब्लाउज असेल तर कापडाला हात लावायच्या आधी पॅड एक साइज लहान बदलून बघ. कितीतरी वेळा तेवढ्यानेच भागतं आणि लोक उगाच शिवणी उसवत बसतात.

एवढं करूनही बाजूने घ्यायचंच असेल तर टीप काखेच्या जोडावर शून्यातून सुरू करून खाली वाढवत न्यायला सांग. बाहीत नको, जोडातही नको. आणि आतलं कापड कापू द्यायचं नाही, कारण केळवणं. तू पाच किलो उतरवलेस, कौतुक आहे, पण पुढचे २३ दिवस मावशी, आत्या, काकू, ऑफिसातल्या मैत्रिणी सगळ्या तुला पानावर बसवणार आणि जिलबी आग्रहाने वाढणार. दर सीझनला दोन-चार मुली लग्नाच्या चार दिवस आधी धावत येतात, ताई, हुक लागत नाही. आत माया शाबूत असेल तर दहा मिनिटांत सोडून देते. छाटलेली असेल तर मीही काही करू शकत नाही.

तुझ्या आईच्या ब्लाउजचं भवितव्य या मायेवरच आहे, म्हणून आता तिकडे वळते.

तो ब्लाउज उलटा कर आणि काखेखालची बाजू बघ. जुन्या टेलरांची एक पद्धत होती, अजूनही बऱ्याच जणांची आहे : बाजूला एकच टीप न मारता समांतर दोन, तीन, कधी चार टिपा मारायच्या, साधारण पाव पाव इंचावर. पुढे बाई भरली की आतली एक टीप उसवायची, ब्लाउज आपोआप एक इंच मोठा. दोन उसवल्या की दोन इंच. तुला दीड हवाय. म्हणजे तीन टिपा दिसल्या आणि त्या पाव इंचावर असल्या, तर सगळ्यांत आतल्या दोन उसवून बाहेरची ठेवायची. त्यातून दोन इंच मिळाले की पाव-अर्धा इंच परत आत घेता येतो. एकच टीप असेल तर शिवणीपासून कापडाच्या कडेपर्यंत मोज. पाऊण इंच माया असेल तर काम होतं : प्रत्येक थरातून तीन अष्टमांश इंच सोडायचं, चार थर मिळून दीड इंच, आणि नव्या शिवणीला तीन अष्टमांश उरतं. रेशमाला याहून कमी ठेवलं तर बसल्या बसल्या शिवण सरकते.

पण माया असणं वेगळं आणि ती उघडता येणं वेगळं. आधी कापडात जीव आहे का ते बघ. काखेजवळचा भाग खिडकीच्या उजेडात धर. बारीक बारीक प्रकाशाचे ठिपके दिसतात का? मग शिवणीच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून अगदी हलका ताण दे. धागे बाजूला सरकले किंवा कोरड्या पानासारखा आवाज आला तर तिथेच थांब. घाम रेशमाला खातो. आईने तो लग्नानंतर चार हळदीकुंकवांना घातला असेल, धुतला नसेल, आणि तसाच घडी घालून ठेवला असेल, तर काख गेलेलीच असते. असा ब्लाउज उसवला तर परत टीप धरणार नाही.

कापड ठणठणीत असलं तरी दोन गोष्टी होतील, आधीच सांगून ठेवते. जुन्या टिपेची भोकं दिसतील. सुती कापडात पाणी मारून नखाने घासलं की बुजतात, रेशमात पूर्ण बुजत नाहीत. आतून हलकी वाफ देऊन चमच्याच्या पाठीने घासलं तर निम्मी मिटतात. आणि आतला भाग बाहेरच्यापेक्षा गडद निघेल, कारण बाहेरच्याने इतकी वर्षं उजेड खाल्लाय. काखेखाली एक गडद पट्टा येईल. मला विचारशील तर त्याने काही बिघडत नाही. उजवी बाजू तर पदराखालीच जाते, डावी तेवढी दिसते.

माया नसली तर बाजूला पट्ट्या घालायच्या. दीड इंच हवाय म्हणजे प्रत्येक बाजूला तयार पाऊण इंच दिसली पाहिजे, म्हणून पट्टी पावणेदोन इंच रुंद काप, दोन्हीकडे अर्धा अर्धा इंच शिवणीत जाईल. त्याच रेशमाचा तुकडा मिळणं अवघड, पण खालच्या पट्टीची दुमड किंवा बाहीची आतली दुमड मोठी असेल तर तिथून निघतो. नाहीच मिळालं तर लक्ष्मी रोडवर ब्लाउज दाखवून जवळची शेड आण आणि दोनांत मन अडलं तर गडद घे. काखेखाली सावलीच असते, त्यात गडद मिसळून जातं, फिकट डोळ्यांवर येतं. पट्टी घालताना बाही आणि बाजू अशी एकत्रच उघडावी लागेल, नाहीतर छाती सैल होईल आणि बाही तशीच राहील. आईच्या वेळच्या बाह्या दंडाला चांगल्याच घट्ट असायच्या.

हुकपट्टी पुढे वाढवून दीड इंच काढून देते असं कोणी म्हटलं तर नको म्हण. अर्धा इंच चालेल. त्याहून जास्त वाढवलं तर दोन्ही टक्स बाजूला सरकतात आणि छातीचा आकार बगलेकडे जातो.

आणि काख खरोखरच गेली असेल तर? वाईट वाटून घेऊ नकोस. गेल्या वर्षी एका मुलीच्या आजीची चोळी अशीच आली होती, काखेत हात लावला की बोटाला भुगा. आम्ही टू बाय टूच्या सुती अस्तरावर नवीन रेशमाचा ब्लाउज शिवला आणि जुन्या चोळीच्या बाह्यांचे दोन्ही जरीकाठ अलगद काढून नव्या बाह्यांना हाताने लावले. पाठीच्या आत, मानेखाली, जुन्या कापडाचा रुपयाएवढा तुकडा शिवला. तो कोणाला दिसत नव्हता, तिला तेवढाच हवा होता. काठ जरीचे असतील तर ते कापडाच्या मानाने जास्त टिकतात, फक्त मशीनवर घालू नयेत. सुईने जरीची तार तुटते आणि तुटलेली तार पुढे काट्यासारखी उभी राहते.

विधींना तू कुठली साडी नेसणार हे कळलं तर बरं होईल. मामाची पिवळी अष्टपुत्री नऊवारी असेल तर तू पाटावर मांडी घालून तास-दीड तास बसणार आहेस, समोर होम, कार्यालयात पंखे बंद. ट्रायलला उभी राहून बघू नकोस, घरी जमिनीवर मांडी घाल आणि पुढे वाकून समोरची वाटी उचल. ब्लाउजची खालची कड पोटात रुतते का, मागून वर चढते का? वर चढत असेल तर लांबी कमी आहे आणि खाली पट्टी जोडून अर्धा इंच वाढवता येते. मग उठून वाकून नमस्कार कर, कारण त्या दिवशी तू शंभर माणसांच्या पाया पडणार आहेस आणि पुढचा गळा किती उघडतो हे तेव्हाच कळतं. शेवटी दोन्ही हात डोक्याच्या वर. नवरदेवाला उचलणारे मित्र असतातच, तेव्हा थोडे जास्तच वर.

वाकी घालणार असशील तर ती ट्रायलला आण. बाहीच्या काठावर ती चढली की पाव-अर्धा इंच जागा खाते, आणि बाहीचं तोंड आधीच अंगाबरोबर असेल तर हात जांभळा पडतो. दंडाचं माप कोपर वाकवून घ्यायचं, सरळ हाताने नाही.

काखेत आतून सुती कापडाचे अर्धगोल पॅड टाचून घे, आईच्या ब्लाउजला तर नक्कीच. मशीनने नको, कच्च्या टाक्यांनी, म्हणजे समारंभ झाला की उपटून टाकता येतात. ब्लाउज घातल्यावर अत्तर किंवा स्प्रे जरीवर मारू नकोस. चांदीची जर त्याने काळी पडते आणि सहजासहजी परत पांढरी होत नाही. इस्त्री नेहमी उलट्या बाजूने, वर सुती रुमाल टाकून.

लेहंग्याचं उत्तर छोटं आहे. त्याचं काम खालच्या घेरावर असेल, म्हणून खालून कापायचा नाही, वरून उसवायचा. कमरेचा पट्टा काढून तीन इंच वरून कमी केले की कळ्यांचा, म्हणजे लेहंग्याच्या उभ्या तुकड्यांचा, वरचा घेर वाढतो, कारण कळी खाली जाईल तशी रुंद होत जाते. तेव्हा प्रत्येक कळीच्या शिवणीतून थोडं थोडं घेऊन कमर परत बसवावी लागते. हे टेलरला आधीच विचार, कारण काही जण नुसत्या चुण्या घालून पट्टा लावतात आणि पोटावर फुगा येतो. आतल्या कॅन-कॅनची, म्हणजे घेर फुगवणाऱ्या कडक जाळीची, लांबीही तेवढीच कमी करून घे. मात्र यातलं काहीही करायच्या आधी सँडल विकत आण. तीन इंच लांब आहे हे तू चपला घालून मोजलंस की अनवाणी? अडीच इंची टाचेवर तोच लेहंगा अर्धा इंचच लांब आहे, आणि तेवढ्यासाठी मी हात लावणार नाही. पट्टा दोन इंच रुंद, आत कॅनव्हास, नाडी आणि हुक दोन्ही. स्टेजवर तीन तास उभं राहून पाकिटं घ्यायची असतात, नुसत्या नाडीवर तो जड लेहंगा राहत नाही.

आता दिवसांचा हिशेब. चिमटीची परीक्षा आजच कर. आईचा ब्लाउज आणि पैठणीचा ब्लाउज या आठवड्यातच दे, कारण तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते आणि वैशाखात तर विचारूच नकोस. पहिली ट्रायल लग्नाच्या पंधरा दिवस आधी, साडी नेसून. दुसरी सहा-सात दिवस आधी. त्यानंतर ब्लाउजला कोणालाही हात लावू देऊ नकोस, मलाही नाही. पाळीची तारीख जवळ असेल तर त्या दोन दिवसांत माप देऊ नकोस, छाती-पोट फुगलेलं असतं.

पैसे आधी ठरवून घे. मी गळा, खांदा आणि टक्स मिळून ३०० ते ४०० रुपये घेते, काठ हाताने लावायचे असतील तर जास्त. तुमच्याकडच्या टेलरताई दहा मिनिटांच्या टिपेचे ५० घेत असतील आणि त्यांच्या जागी त्यांचं बरोबर आहे. सीझनमध्ये समोर वीस ब्लाउज पडलेले असताना कोणीही तेच करेल. त्यांच्याकडेच द्यायचा असेल तर फक्त एवढं सांग, “ताई, आधी मागचा गळा अर्धा इंच कमी करा, मग बाजू बघू.” चांगली टेलर असेल तर तिला लगेच कळेल तू काय म्हणतेस.

करवलीच्या पर्समध्ये चार हुक, त्या रंगाचा दोरा घातलेल्या दोन सुया आणि छोटी कात्री ठेव. सुया आधीच ओवलेल्या हव्यात, मुहूर्त जवळ आला की कोणाचेच हात स्थिर नसतात.